आधी गोष्ट, मग पत्ते

'आर्कहॅम हॉरर: द कार्ड गेम' हा खेळ 2016 साली आला. अमेरिकेतल्या फँटसी फ्लाइट गेम्सनं तो काढला आणि नेट फ्रेंच व एम. जे. न्यूमन यांनी तो रचला. एच. पी. लव्हक्राफ्टच्या भयकथांमधलं मॅसॅच्युसेट्सचं काल्पनिक आर्कहॅम शहर, 1920चं दशक, एका बाजूला एक ते चार तपासनीस आणि दुसऱ्या बाजूला खुद्द खेळ. इथे कोणी कोणावर मात करत नाही. जिंकले तर सगळे जिंकतात, बुडाले तर सगळे बुडतात, आणि बुडण्याचं प्रमाण चांगलंच असतं. मूळ संचात तीन प्रकरणांची एक छोटी मोहीम आहे. एका प्रकरणाला एक संध्याकाळ धरली तर तीन संध्याकाळींत ती संपते आणि मग प्रश्न पडतो, पुढे काय घ्यायचं? मूळ संचानंतर 'द डनविच लेगसी'पासून 'द ड्राउन्ड सिटी'पर्यंत दहा मोठ्या मालिका निघाल्या. शिवाय सुटी प्रकरणं, तयार डेक, जुन्या मोहिमांना जोडायच्या पेट्या, असं बरंच काही. दुकानाच्या यादीत हे सगळं एकाखाली एक दिसतं आणि प्रत्येकावर 'एक्सपान्शन' एवढंच लिहिलेलं असतं. भारतात हे संच आयात होऊन येतात. वाहतूक आणि कर धरला की 'घेऊन तर बघू' हे धोरण परवडण्यासारखं राहत नाही. म्हणून कुठला संच चांगला हे विचारण्याआधी आपल्या टेबलावर नेमकं काय कमी पडलंय हे पाहायला हवं. बहुतेक घरांमध्ये आधी गोष्ट कमी पडते, पत्ते नंतर.

खेळ चालतो कसा हे थोडक्यात सांगायला हवं, कारण निवडीचं सगळं गणित त्यातच आहे. प्रत्येक खेळाडू एका तपासनिसाची भूमिका घेतो. संघराज्याचा गुप्तहेर रोलँड बँक्स, ग्रंथपाल डेझी वॉकर, रस्त्यावर वाढलेली वेंडी अॅडम्स अशी ही माणसं. साधारण तीस पत्त्यांचा डेक ज्याचा त्यानं स्वतः बांधायचा, आणि त्यात एक-दोन दौर्बल्यंही मिसळायची. पत्ते पाच वर्गांत विभागलेले आहेत: गार्डियन लढतो, सीकर धागेदोरे शोधतो, रोग हातचलाखी करतो, मिस्टिक मंत्रतंत्र करतो आणि सर्व्हायव्हर पडत-झडत टिकून राहतो. समोर खेळाचे स्वतःचे पत्ते असतात. जागा, राक्षस, संकटं, आणि दर फेरीला एकेक डूम टोकन चढत जाणारा अनर्थाचा घड्याळ-पत्ता. प्रकरण संपलं की निकाल वहीत नोंदवायचा, मिळालेल्या अनुभवगुणांतून (एक्सपी) डेकमधले पत्ते सुधारायचे आणि पुढच्या प्रकरणाला तीच माणसं, त्यांच्या जखमा आणि मनावरचे ओरखडे घेऊन जायचं. म्हणजे या खेळात दोन प्रकारचा माल लागतो. एक म्हणजे मोहिमेचे पत्ते, जे खेळाडूंच्या विरोधात असतात आणि गोष्ट सांगतात. दुसरे खेळाडूंचे पत्ते, ज्यांतून डेक बांधले जातात. हे दोन्ही वेगवेगळ्या वेगानं संपतात, आणि खरेदीचा घोळ होतो तो हे लक्षात न घेतल्यामुळे.

सुरुवातीला कंपनीनं हे दोन्ही एकत्र बांधून विकले. एक मोठी पेटी, तिच्यात नवे तपासनीस आणि पहिली दोन प्रकरणं. मग महिन्यामहिन्याला सहा छोटी पाकिटं, प्रत्येकात एक प्रकरण आणि मूठभर खेळाडूंचे पत्ते. 'मॅजिक: द गॅदरिंग'सारख्या खेळात पाकिटात काय निघेल हे नशिबावर असतं. तशी लॉटरी इथे नव्हती, प्रत्येक पाकिटातला ऐवज ठरलेला होता. पण सहातलं एक पाकीट दुकानातून संपलं की गोष्टीचं एक प्रकरणच गायब व्हायचं, आणि कुठलंही पाकीट घ्या, अर्धा माल हवा असलेला आणि अर्धा नको असलेला, असं व्हायचं. मूळ पेटीचीही एक गंमत होती. नियमाप्रमाणे डेकमध्ये एका नावाचे दोन पत्ते ठेवता येतात, पण 2016च्या पेटीत बहुतेक वर्ग-पत्त्यांची एकच प्रत होती. चौघांनी खेळायचं तर तीच पेटी दोनदा घ्या, असा हिशोब. 2021 साली हे बदललं. सुधारित मूळ संच आला, त्यात चौघांना पुरतील इतके पत्ते आणि जोड्या आल्या. त्याच वर्षी 'एज ऑफ द अर्थ'पासून प्रत्येक मालिका दोन पेट्यांत निघू लागली: मोहिमेची वेगळी, तपासनिसांची वेगळी. जुन्या मालिकाही हळूहळू याच रूपात पुन्हा छापल्या गेल्या. ग्राहकाच्या दृष्टीनं या खेळाच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी सोय. तरीही सवयीनं 'दोन्ही पेट्या एकदम घ्या' हाच सल्ला दिला जातो. पेट्या वेगळ्या केल्याचा सगळा फायदा त्या सल्ल्यानं घालवला जातो.

तपासनिसांची पेटी आधी घ्यावी असं म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद दमदार आहे. मोहीम एकदा खेळली की तिची गुपितं फुटली. खेळाडूंचे पत्ते मात्र प्रत्येक मोहिमेत पुन्हापुन्हा वापरता येतात, मग जास्त टिकाऊ वस्तू आधी का घेऊ नये? हिशोब बरोबर दिसतो, पण एक गोष्ट त्यातून निसटते. पत्ते पुन्हापुन्हा वापरायचे तर वापरायला मोहिमा हव्यात. तपासनिसांच्या पेटीची किंमत घरातल्या मोहिमांच्या संख्येनं गुणली जाते, आणि घरात फक्त मूळ संच असेल तर तो गुणक तीन छोट्या प्रकरणांचा आहे. त्यातलं पहिलं, 'द गॅदरिंग', एका घराच्या चार-पाच खोल्यांत घडतं. तळघरात काय आहे आणि माळ्यावर काय आहे हे दुसऱ्यांदा खेळताना सगळ्यांना ठाऊक असतं. तिथे नवा तपासनीस आणला तरी टेबलावरची उत्सुकता पहिल्या वेळेसारखी राहत नाही. मोहिमेची पेटी मात्र पहिल्याच दिवशी साधारण आठ नवी प्रकरणं देते, आणि मूळ संचातल्या पाचही तपासनिसांना नवं रान मिळतं. दुसरा मुद्दा मला याहून महत्त्वाचा वाटतो. मोहीम ही सगळ्या टेबलाची नवलाई असते, तर खेळाडूंचे पत्ते ही मुख्यतः मालकाची. ज्यानं पेटी विकत घेतली तो आठवडाभर पत्ते चाळतो, कशाला काय जोडायचं हे ठरवतो आणि खेळायच्या दिवशी बाकीच्यांचे डेकसुद्धा तोच बांधून आणतो. मग टेबलावरही तोच सांगतो, 'तू आता हे खेळ, तू तिकडे जा.' सगळे मिळून खेळायच्या खेळांना हा रोग जुनाच आहे. पत्त्यांचा ढीग वाढला की तो बळावतो. नवी मोहीम उघडली की तोच जाणकार इतरांइतकाच अंधारात असतो.

आता दुसरा आक्षेप. नवे पत्ते नसतील तर आपण हरतच राहू, डेक कमजोर पडेल. याला उत्तर टोकनांच्या पिशवीत आहे, आणि ते आकड्यांनी दाखवता येतं. या खेळात फासे नाहीत. काही करायचं म्हटलं की आपलं कौशल्य आणि समोरचा अवघडपणा यांची तुलना करायची आणि पिशवीतून एक टोकन काढायचं. मूळ मोहिमेच्या 'स्टँडर्ड' पातळीला पिशवीत 16 टोकनं असतात: एक अधिक-एक, दोन शून्य, तीन उणे-एक, दोन उणे-दोन, एक उणे-तीन, एक उणे-चार, चार चिन्हांची टोकनं, एक तपासनिसाचं खास शुभचिन्ह आणि एक सरळसरळ अपयशाचं. समजा 'द गॅदरिंग'मध्ये रोलँडसमोर एक लहान पिशाच उभं आहे. रोलँडचं लढाईचं कौशल्य 4, पिशाचाचं 2, म्हणजे तो दोननं पुढे आहे. जागेवर एकच पिशाच असताना चिन्हांची चारही टोकनं त्याला पाडू शकत नाहीत. त्याला उणे-तीन, उणे-चार आणि अपयशाचं टोकन, एवढी तीनच पाडतात. 16 पैकी 3, म्हणजे जवळपास 19 टक्के. हातात माशेटी असेल तर कौशल्य 5 होतं आणि धोका 16 पैकी 2 वर येतो. आता पत्ता न बदलता 'ईझी' पातळीची पिशवी घ्या. टोकनं 16च, पण सर्वांत वाईट आकडा उणे-दोन. रिकाम्या हातानं लढणारा रोलँड फक्त अपयशाच्या टोकनाला भितो: 16 पैकी 1, म्हणजे 6 टक्क्यांच्या आसपास. पेटीतलीच दोन-चार टोकनं बदलून हत्यारापेक्षा मोठा फरक पडतो, आणि तोही फुकट. ही पातळी घेण्यात कमीपणा मानायचं काहीच कारण नाही, रचनाकारांनीच ती दिलेली आहे.

जोड्यांचा मुद्दाही आकड्यांतच आहे. रोलँडच्या डेकमधली दोन दौर्बल्यं बाजूला काढली तर 31 पत्ते उरतात, आणि सुरुवातीला हातात पाच येतात. माशेटीची एकच प्रत असेल तर ती पहिल्या हातात येण्याची शक्यता 16 टक्के, दोन असतील तर 30. हात बदलून घ्यायची सवलत वापरली तर दोन्ही आकडे वाढतात, पण अंतर राहतंच. म्हणजे डेक भरवशाचा होतो तो आधी जोड्यांमुळे, आणि सुधारित मूळ संचात त्या आलेल्याच आहेत. एखाद्याकडे 2016ची जुनी पेटी असेल आणि एकाच खेपेचे पैसे असतील, तर मात्र माझं उत्तर थोडं बदलेल, त्याचा पत्त्यांचा तुटवडा खरा आहे.

मोहीम घ्यायची तर कोणती? पहिल्यांदा घेणाऱ्यासाठी खरी स्पर्धा दोघींतच आहे: 'द डनविच लेगसी' आणि 'द पाथ टू कार्कोसा'. डनविचला लव्हक्राफ्टच्या 1929 साली छापून आलेल्या कथेचा आधार आहे. ती कथा जिथे संपते त्यापुढे खेळ सुरू होतो. मिस्काटॉनिक विद्यापीठाचे वृद्ध ग्रंथपाल आर्मिटेज आपल्या दोन बेपत्ता सहकाऱ्यांना शोधायला सांगतात, एक विद्यापीठात, दुसरा जुगाराच्या क्लबात. कोणाकडे आधी जायचं हे टेबलानं ठरवायचं, आणि त्या क्रमाचे परिणाम पुढे भोगायचे. नव्या खेळाडूला 'आपल्या निर्णयाला किंमत आहे' हे इतक्या साध्या रीतीनं कळवणारी सुरुवात क्वचितच सापडते. नवे नियम फारसे नाहीत, जुन्याच नियमांनी वेगवेगळी चित्रं उभी केली आहेत. त्यातलं आगगाडीचं प्रकरण पाहा. जागांचे पत्ते डब्यांसारखे एका रांगेत मांडायचे, तपासनीस मागच्या डब्यांत, इंजिन पुढच्या टोकाला. घड्याळ-पत्ता पुढे सरकला की मागचा एकेक डबा आकाशातल्या भगदाडात ओढला जातो आणि टेबलावरून उचलून ठेवावा लागतो. धावायला उरलेली जागा डोळ्यांदेखत कमी होत जाते. नियमपुस्तिकेत याला फारशी जागा लागलेली नाही, पण खेळणाऱ्यांच्या घशाला कोरड पडते. डनविचचा दोष म्हणजे तिचा काही प्रकरणांमधला आंधळा मार. 'बियाँड द व्हेल' नावाचा एक संकट-पत्ता समोर पडला की आपला डेक संपणं म्हणजे एकदम दहा जखमा, आणि दहा जखमा म्हणजे बहुतेक तपासनिसांचा खेळ खलास. पहिल्या वेळी हे कोणाच्या ध्यानीमनी नसतं.

कार्कोसा लेखनाच्या दृष्टीनं डनविचच्या फार पुढे आहे. तिचा उगम लव्हक्राफ्टच्याही आधीचा, रॉबर्ट चेंबर्सच्या 1895 सालच्या 'द किंग इन यलो' या कथासंग्रहात. जो वाचतो किंवा पाहतो त्याला वेड लागतं, असं एक नाटक त्यात आहे, आणि खेळ सुरू होतो तो त्याच नाटकाच्या प्रयोगाला. मध्यंतरानंतर तपासनीस जागा होतो तर थिएटर रिकामं. लोला हेज ही नटी संघात असेल तर बाकीचे प्रेक्षागृहात आणि ती मात्र रंगमंचाच्या मागे, अशी मांडणी होते. ('तुंबाड' चित्रपटातला हस्तर ज्यांच्या लक्षात आहे त्यांना या मोहिमेतल्या हस्टरचं नाव ऐकून कान टवकारावेसे वाटतील.) पण या मोहिमेची खरी कमाल तिच्या नोंदवहीत आहे. घडतंय ते खरं की आपल्याला भास होतोय, असा प्रश्न प्रकरणांच्या मध्ये पडतो, आणि तुमच्या उत्तरानुसार वहीत 'संशय' किंवा 'खात्री' यांच्या रकान्यात खूण करावी लागते. शेवटी कोणता रकाना भरलेला आहे त्यावर समोर काय येईल हे ठरतं. मोहीम एकदा खेळली की संपली, या आक्षेपाला मिळणारं हे सर्वांत चोख उत्तर. दुसऱ्या खेपेला गोष्ट ठाऊक असते, पण तिच्याकडे दुसऱ्या बाजूनं बघता येतं. माझा निकाल असा: आयुष्यात एकच मोहीम घ्यायची असेल तर कार्कोसा घ्यावी. दोन घ्यायच्या असतील तर डनविच आधी आणि कार्कोसा नंतर. उलट्या क्रमानं खेळलं तर डनविचचा साधेपणा फिका वाटतो.

मग नव्यातली नवी मोहीमच का नको, असं कोणी विचारेल. रचनाकारांचा हात दर मालिकेगणिक अधिक सफाईदार झाला, हे खरंच आहे. 'द स्कार्लेट कीज'मध्ये जगाचा नकाशा समोर ठेवून कुठे जायचं हे खेळाडूंनी ठरवायचं असतं, आणि सगळी ठिकाणं एका मोहिमेत पाहून होत नाहीत. 'द फीस्ट ऑफ हेमलॉक व्हेल'मध्ये एका बेटावरचे तीन दिवस आणि तिथली माणसं सांभाळायची. 'एज ऑफ द अर्थ'मध्ये अंटार्क्टिकाची थंडी पिशवीतच शिरते: एका चाचणीत बर्फाची दोन टोकनं निघाली की अपयश ठरलेलं. पण हे सगळं ज्याला मूळ नियम हातात बसले आहेत त्याच्यासाठी रचलेलं आहे. नियम उलटा केल्याची मजा नियम पाठ असल्याशिवाय येत नाही. 'द फरगॉटन एज' तर मला नवख्यासाठी सरळ धोक्याची वाटते. जंगलात निघण्याआधी मोजक्या गुणांत दोर, पांघरूण, औषध, होकायंत्र, मशाली अशा वस्तू निवडायच्या. कशाची गरज पडेल हे सांगणारं कोणी नाही. सर्प मारले तर सूडाची नोंद वाढते, न मारले तर विष अंगात भिनतं. तिथे लढण्यापेक्षा निसटण्याचं कौशल्य लागतं, म्हणजे चपळ तपासनीस आणि त्यांना साजेसे पत्ते आधीपासून घरात हवेत. खेळाडूंचे पत्ते आधी जमवून ठेवल्याचा खरा उपयोग होतो तो अशा मोहिमेत. 'द ड्रीम-ईटर्स'ची गोष्ट वेगळी. तिच्यात चार-चार प्रकरणांच्या दोन मोहिमा आहेत, सुट्या खेळता येतात किंवा एकमेकींत गुंफता येतात. ज्यांना आठ आठवडे सलग जमणं कठीण त्यांनी कार्कोसानंतर तिचा विचार करावा.

खेळाडूंचे पत्ते कधीच घेऊ नयेत असं माझं म्हणणं नाही. आठ प्रकरणांच्या मोहिमेत चौथ्या-पाचव्या प्रकरणापर्यंत एक्सपी साठत जातात आणि मूळ संचातले वरच्या पातळीचे पत्ते तोकडे पडू लागतात. फक्त, पहिला तुटवडा भरून काढायला अख्खी तपासनिसांची पेटी लागत नाही. 2020 साली कंपनीनं पाच छोटे तयार डेक काढले, प्रत्येक वर्गाचा एक. नॅथॅनियल चो हा मुष्टियोद्धा, हार्वी वॉल्टर्स हा प्राध्यापक, विनिफ्रेड हॅबामॉक ही वैमानिक, जॅकलिन फाइन ही द्रष्टी आणि स्टेला क्लार्क ही टपालवाली. पाकीट उघडा, दिलेला डेक घ्या आणि बसा. सुधारणेचे पत्तेही त्यातच असतात. प्रत्येक पात्राची युक्ती एका वाक्यात सांगता येते: चो घटना-पत्त्यांनी मारतो तेव्हा एक जखम जास्त होते, आणि स्टेलाला चाचणीत अपयश आलं की एक जादा कृती मिळते. हरण्याचा फायदा उठवणारी ही बाई नवख्याच्या हातात द्यावी, त्याची टोकन काढायची भीतीच जाते. तपासनिसांच्या पेटीपेक्षा हा डेक बराच स्वस्त असतो, आणि आपल्या टेबलावर जे वर्ग खेळले जातात तेवढेच घेता येतात. चौघांच्या टेबलाला इथे एक सावधगिरी हवी. या पाचही पात्रांना आपापल्या एकाच वर्गाचे पत्ते लागतात. दोघांनी गार्डियन घेतले तर त्याच जोड्यांसाठी ओढाताण होईल, चार वर्गांचे चौघे बसले तर काहीच अडत नाही. तपासनिसांची मोठी पेटी दुसरी मोहीम अर्धी झाल्यावर घ्यावी, आणि घेताना ती मोहिमेच्या नावाशी जुळलीच पाहिजे असं काही नाही. कार्कोसाची मोहीम डनविचच्या तपासनिसांनी खेळता येते.

या क्रमाला एक सरळ अपवाद आहे, एकट्यानं खेळणारा. त्याच्यासाठी रात्री पत्ते पसरून डेक बांधणं हाच अर्धा खेळ. तिथे दुसऱ्या कोणावर दादागिरी होण्याचा प्रश्न नाही, आणि एकच मोहीम चार वेगळ्या माणसांकरवी खेळून पाहण्यात त्याला रसही असतो. त्यानं पहिल्या मोहिमेबरोबर तपासनिसांची एक पेटी घेतली तर ती वाया जाणार नाही. सुट्या प्रकरणांचं काय, हाही प्रश्न येतो. लुइझियानाच्या दलदलीतला 'कर्स ऑफ द रूगारू' किंवा व्हेनिसमधला 'कार्नेव्हाल ऑफ हॉरर्स' स्वस्तात एक संध्याकाळ देतात आणि काही एक्सपी मोजून चालू मोहिमेतही घुसवता येतात. पण जखमा, सूड, चुकीचे निर्णय पुढे वाहून नेणं हा या खेळाचा प्राण आहे, आणि सुट्या प्रकरणात तोच नसतो. पाहुणे आले असता ठीक. 'आत्ता घेतलं नाही तर छपाई बंद होईल' ही भीती मात्र निराधार म्हणता येत नाही, काही पेट्या मध्येच दुकानातून नाहीशा होतात. पण त्या भीतीपायी न उघडलेल्या चार पेट्या कपाटात ठेवल्यानं खेळायला मिळणाऱ्या संध्याकाळी वाढत नाहीत. एका प्रकरणाला दोन तास धरले तर आठ प्रकरणांचे सोळा तास होतात, आणि महिन्यातून दोनदा जमणाऱ्या मित्रांना एक मोहीम चार महिने पुरते. पुढची पेटी शोधायला तेवढा काळ पुरेसा आहे. एखादी संपलीच, तर तिच्याजागी दुसरी चालते, कारण प्रत्येक मोहिमेला फक्त मूळ संच लागतो, आधीच्या मोहिमा नाही.

जुनी, वापरलेली पेटी घेणाऱ्यांनी एक गोष्ट तपासून पाहावी. 'द डनविच लेगसी' या नावाच्या पूर्णपणे वेगवेगळ्या मोठ्या पेट्या बाजारात फिरतात. 2021च्या आधीच्या पेटीत फक्त पहिली दोन प्रकरणं आणि पाच तपासनीस आहेत. उरलेली सहा प्रकरणं सुट्या पाकिटांत होती आणि ती आता सहजी मिळत नाहीत. कार्कोसापासून इन्समथच्या मालिकेपर्यंतच्या जुन्या पेट्यांचीही हीच गत आहे. ज्या पेटीवर 'कॅम्पेन एक्सपान्शन' छापलेलं असेल तिच्यातच पूर्ण गोष्ट असते. नावाच्या सुरुवातीला 'रिटर्न टू' असेल तर ती पेटी मूळ मोहीम घरात असल्याशिवाय उघडूनही उपयोग नाही.